विश्रांतीच्या जागी गोळी

घोड्याला तोंडावाटे प्रतिजैविक द्यायचं म्हणजे किती द्यायचं, याचा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा. ट्रायमेथोप्रिम आणि सल्फा यांचं जोडऔषध घोड्यांसाठी जगभर मोठ्या प्रमाणावर वापरलं जातं. त्याचं प्रमाण किलोमागे साधारण ३० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. माथेरानच्या वाटेवर पर्यटक वाहणारं तट्टू ३०० किलोचं धरलं, तर एका वेळेला ९ ग्रॅम औषध झालं. माणसांसाठी मिळणाऱ्या मोठ्या गोळीत दोन्ही घटक मिळून ९६० मिलिग्रॅम असतात. म्हणजे एका वेळेला नऊ-दहा गोळ्या, दिवसाला एकोणीस-वीस आणि पाच दिवसांत शंभराच्या घरात. आता प्रत्यक्षात काय होतं? माणसाला एक लागते, तर घोड्याला तीन पुरतील, असा अंदाज केला जातो. पट्टी दुकानातून येते, तीन गोळ्या गुळात घालून घोड्यापुढे धरल्या जातात, तिसऱ्या दिवशी घोडा जरा बरा दिसतो आणि चौथ्या दिवशी पट्टी संपते.

अशा उपचाराने जंतू मरत नाहीत, ते त्या औषधाला सरावतात. हा धोका आता माणसांच्या बाबतीत सगळ्यांनी ऐकलेला आहे. घोड्याच्या बाबतीत मात्र आणखी एक धोका आहे आणि त्याची चर्चा तबेल्यांत फारशी होत नाही. आपल्याकडे एक समजूत पक्की आहे की इंजेक्शन जालीम आणि गोळी सौम्य. डॉक्टरने सुई काढली म्हणजे आजार गंभीर, नुसत्या गोळ्या दिल्या म्हणजे किरकोळ. माणसापुरती ही समजूत फार नुकसान करत नाही. घोड्याच्या बाबतीत ती उलटी आहे. त्याच्या तोंडावाटे प्रतिजैविक देणं हा पुष्कळदा जास्त जोखमीचा मार्ग असतो. याचं कारण त्याच्या पोटाच्या रचनेत आहे आणि ती रचना नीट समजून घेतल्याशिवाय या विषयावर बोलण्यात अर्थ नाही.

गाय, म्हैस, शेळी यांचं चारा आंबवण्याचं काम पोटाच्या पुढच्या भागात, खऱ्या जठराच्या आधी चालतं. घोड्याचं मागच्या भागात चालतं. त्याचं जठर त्याच्या देहाच्या मानाने फार लहान, मोठ्या घोड्यातही दहा-पंधरा लिटरचं. त्यानंतर वीस मीटरहून लांब लहान आतडं. औषध रक्तात शोषलं जायचं ते मुख्यतः इथेच. त्यापुढे अंधनाल आणि मोठं आतडं. पूर्ण वाढलेल्या घोड्यात दोन्ही मिळून शंभर लिटरच्या आसपास भरतात. या जागेत अब्जावधी जंतू गवताचा तंतू फोडतात आणि त्यातून जी मेदाम्लं तयार होतात, त्यांवर घोड्याला लागणाऱ्या ऊर्जेचा निम्म्याहून मोठा वाटा भागतो. ही त्याची चूल आहे आणि ती चोवीस तास पेटती राहावी लागते.

आता गोळीचा प्रवास पाहा. लहान आतड्यात जेवढं औषध शोषलं गेलं तेवढं रक्तात जाऊन आजाराशी लढतं. जे शोषलं गेलं नाही ते नाहीसं होत नाही, ते पुढे त्या शंभर लिटरांत जाऊन पडतं आणि जंतू मारण्याचं आपलं काम तिथे करतं. अमॉक्सिसिलिन माणसाच्या आतड्यातून बहुतांश शोषलं जातं. मोठ्या घोड्यात जेमतेम दहा टक्के, किंवा त्याहूनही कमी. म्हणजे तोंडावाटे दिलेल्या दहा भागांतले नऊ भाग आजाराच्या जागी पोचतच नाहीत, ते थेट चुलीवर जातात. घरातल्या माणसाला याच गोळीने गुण आला होता म्हणून ती घोड्याला देणाऱ्याची नियत चांगलीच असते. पण दोन जनावरांची आतडी वेगळी आहेत आणि हा फरक पट्टीवर कुठेही छापलेला नसतो. लिंकोमायसिनसारखी काही औषधं तर घोड्याच्या पोटात जाताच कामा नयेत. डुकरांसाठी औषध मिसळलेलं खाद्य चुकून घोड्यांनी खाल्लं आणि घोडे दगावले, असे प्रसंग पशुवैद्यकाच्या साहित्यात नोंदलेले आहेत.

आतड्यातली ही वस्ती विस्कटली की एरवी दबून असलेले जंतू डोकं वर काढतात. क्लॉस्ट्रिडियमच्या काही जाती, साल्मोनेला. त्यांच्या विषांनी मोठ्या आतड्याचं अस्तर सुजतं, झडतं आणि घोडा पाण्यासारखा जुलाब करू लागतो. घोड्याला उलटी करता येत नाही. पोटात गेलेलं परत काढायची वाट त्याला नाही. ३०० किलोचं तट्टू बऱ्यापैकी सुकलं असेल तर पहिल्या दिवसात त्याला चाळीस लिटरच्या आसपास सलाइन लागू शकतं. अर्ध्या लिटरच्या बाटल्यांत मोजलं तर ऐंशी बाटल्या. त्या कुठून आणायच्या, डोंगरावर कशा न्यायच्या, रात्रभर कुणी बदलायच्या? एवढं करूनही जनावर वाचलं, तर पुढे खुरांतल्या नाजूक पडद्यांना सूज येण्याची भीती असते. असा घोडा पुढचे पाय पुढे टाकून सगळा भार मागच्या पायांवर घेऊन उभा राहतो, पाऊल उचलायला नकार देतो, आणि पाठीवर माणूस वाहून पोट भरणाऱ्या जनावराचं काम तिथेच संपतं. असं प्रत्येक गोळीने होत नाही, हे मला ठाऊक आहे. बहुतेक घोडे उपचारातून सुखरूप बाहेर पडतात. पण ज्याच्यावर वेळ येते त्याच्यासाठी ती इतकी भयंकर असते की गोळी सहज हाताशी आहे म्हणून ती देऊन टाकणं मला समर्थनीय वाटत नाही.

किती कमी औषधाने हे घडू शकतं, याचं स्वीडनमधलं एक उदाहरण मला या सगळ्या विषयात सर्वांत बोलकं वाटतं. ऱ्होडोकॉकस इक्वी नावाचा जंतू मातीत राहतो आणि एक ते सहा महिन्यांच्या शिंगरांना फुप्फुसाचा वाईट आजार देतो. त्यावर एरिथ्रोमायसिन आणि रिफाम्पिसिन ही दोन औषधं तोंडावाटे दिली जात. शिंगरू लहान, त्याच्या आतड्यातली वस्ती अजून पुरती बसलेली नाही, त्यामुळे त्याला ती सहसा सोसतात. १९९० च्या दशकात तिथल्या पशुवैद्यांच्या लक्षात आलं की उपचार शिंगराला चालू आहेत आणि जीवघेणा जुलाब होतो आहे तो त्याच्या आईला. घोडीला कुणी औषध दिलेलंच नव्हतं. शिंगराच्या तोंडाला, अंगाला लागलेलं किंवा त्याच्या लिदेतून बाहेर आलेलं औषध घोडीच्या पोटात जात होतं. आई पिलाला चाटते, त्याच्याजवळचं गवत खाते, एवढंच घडलं होतं. त्या घोड्यांच्या लिदेत क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल हा जंतू सापडला आणि १९९८ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. चिमूटभर औषध मोठ्या घोडीला आडवं करू शकतं, हे कळल्यावर गुळातल्या गोळीकडे आधीच्या नजरेने पाहता येत नाही.

मग इंजेक्शन निर्धोक का? नाही. काही औषधं सुईने दिली तरी पित्तावाटे आतड्यात उतरतात आणि पेनिसिलिनच्या इंजेक्शनानंतरही जुलाब झाल्याच्या नोंदी आहेत. उलट डॉक्सिसायक्लिन हे घोड्याला तोंडावाटेच द्यायचं औषध आहे. तेच शिरेतून दिलं तर घोडा जागीच कोसळू शकतो. तेव्हा सुई चांगली आणि गोळी वाईट, असा हा वाद नाही. औषध कोणतं, जंतू कोणता, जागा कोणती आणि जनावराचं वजन किती, ही चार उत्तरं हातात आल्यावर पशुवैद्याने विचारपूर्वक निवडलेली गोळी अत्यंत उपयोगी असते. लांबलेल्या आजारात दिवसातून दोनदा सुई टोचून घोडा माणसालाच बिचकू लागतो, मानेला गाठी येतात; तिथे तोंडावाटे औषध हीच दया आहे. डॉक्टर रोज डोंगरावर चढू शकत नाही, हेही खरं. माझा आक्षेप गोळीवर नाही. गोळीकडून आपण जी कामं मागतो त्यांवर आहे.

पहिलं काम आपण मागतो ते निदानाचं. घोडा तापला, चंदी सोडली, की प्रतिजैविक चालू. पावसाळ्यात आणि त्यानंतर घोडमाश्या वाढतात तेव्हा आपल्याकडे घोड्यांना सर्रा होतो. ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय हा एकपेशीय परजीवी रक्तात वाढतो, ताप येतो-जातो, जनावर झिजत जातं, पायांवर सूज उतरते. त्यावर कोणत्याही प्रतिजैविकाचा काडीचा उपयोग नाही. त्याची औषधं वेगळी आहेत आणि निदान करायला रक्ताचा एक थेंब काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. २००८ मध्ये जम्मूजवळच्या कटऱ्यात घोड्यांमध्ये इन्फ्लुएंझाची साथ सुरू झाली आणि ती अनेक राज्यांत पसरली. तो विषाणू होता. नाकातून पू येतो म्हणून औषध चालू करायचं आणि तो ग्लँडर्स निघायचा, ही तर फार मोठी भीती. महाराष्ट्रात २००६ मध्ये ग्लँडर्स पुन्हा दिसला. हा आजार घोड्यापासून माणसाला होतो आणि कायद्याने त्याची खबर देणं बंधनकारक आहे. तिथे अर्धवट प्रतिजैविकाने लक्षणं दबली, तर तो घोडा शेजारच्या ठाणावरच्या घोड्यांना आणि त्याला रोज खरारा करणाऱ्या माणसाला आजार देत राहणार.

दुसरं काम मागतो ते स्वच्छतेचं आणि पू काढून टाकण्याचं. सल्फाचं जोडऔषध जंतूंना एका विशिष्ट जागी उपाशी पाडतं. त्यांना वाढायला लागणारे घटक तयार करू देत नाही. पण पुवात मेलेल्या पेशींचा जो राडा असतो, त्यात हे घटक जंतूंना आयते मिळतात. त्यामुळे प्रयोगशाळेत ज्या जंतूवर औषध उत्तम चालतं, त्याच जंतूवर ते गळवात हतबल होतं. घोड्यांवरच्या प्रयोगांत हे स्पष्ट दिसलेलं आहे. गळवावर उपाय एकच, ते पिकू देऊन फोडणं आणि धुणं. स्ट्रँगल्स हा घोड्यांचा प्राचीन आजार; त्याचं वर्णन १२५१ सालच्या लॅटिन ग्रंथात सापडतं. जबड्याखालच्या गाठी सुजतात, पिकतात, फुटतात. अमेरिकेतल्या पशुवैद्यक तज्ज्ञांनी २०१८ मध्ये सुधारून मांडलेली भूमिका अशी आहे की यातल्या बहुतेक घोड्यांना प्रतिजैविकाची गरजच नसते. वेगळं ठाण, वेगळी बादली, शेक, मऊ ओला चारा, आराम. एवढं सोसून बरा झालेला घोडा पुढची काही वर्षं या आजाराला बऱ्यापैकी दाद देत नाही. फार लवकर औषध देऊन आजार दाबला तर ही प्रतिकारशक्ती नीट तयार होत नाही. श्वास कोंडू लागला, ताप उतरेना, तर औषध द्यावंच लागतं. पण ते द्यायची वेळ ओळखणं ही कौशल्याची गोष्ट आहे.

आणि तिसरं काम, माझ्या मते सर्वांत मोठं, आपण गोळीकडून मागतो ते विश्रांतीचं.

मानेच्या मुळाशी, जिथे खोगीर बसतं तिथली जखम जवळून पाहावी. आधी केस झिजून रुपयाएवढा काळा डाग दिसतो. मग कातडी ओलसर होते. मग खोगिराखालची घोंगडी काढताना तिच्याबरोबर खपली निघते आणि घोडा कातडं थरथरवतो, कान मागे घेतो. त्या खोगिराची लाकडी चौकट एका बाजूला दबलेली असते, भरण गोळा झालेलं असतं, आणि दिवसभरात पाठीवर बसणारी माणसं पन्नास किलोची असतात तशी नव्वद किलोचीही. या जखमेत जंतू आहेत, यात शंका नाही. ते जंतू औषधाने कमीही होतील. पण उद्या सकाळी तेच खोगीर त्याच जागी बसणार असेल तर खाली मांस मरतच राहणार. मेलेल्या मांसात रक्त पोचत नाही. रक्त पोचत नाही तिथे औषध कुठून पोचणार? खोगीर दुरुस्त करणं आणि जखम भरेपर्यंत पाठ मोकळी ठेवणं, हाच उपचार. गोळी त्याला जोड म्हणून चालेल, त्याच्या जागी नाही.

हे घोडेवाल्याला कळत नाही, असं कुणी म्हणू नये. त्याला ते इतर कुणाहीपेक्षा जास्त कळतं. तो त्या पाठीवरून रोज हात फिरवतो. पण सुट्टीच्या हंगामातले मोजके आठवडे त्याचं वर्ष तारून नेतात. घोडा पंधरा दिवस ठाणावर उभा केला तरी त्याची चंदी थांबत नाही, नालबंदाचे पैसे थांबत नाहीत, मुलांच्या शाळेची फी थांबत नाही. त्याच्यापुढे निवड असते ती काही रुपयांच्या पट्टीची आणि पंधरा दिवसांच्या मजुरीची. अशा वेळी तो पट्टी घेतो. मी त्याच्या जागी असतो तर मीही तीच घेतली असती. म्हणून प्रतिजैविकांच्या गैरवापराबद्दल घोडेवाल्यांसाठी फलक लावणं, मेळावे घेणं, हा मला अर्धाच उपाय वाटतो.

पैसा असला म्हणजे हा प्रश्न सुटतो असंही नाही. शर्यतीच्या तबेल्यांकडे पाहा. प्रोकेन पेनिसिलिन हे घोड्यांच्या अनेक जंतूंवर अजूनही पहिलं आणि चांगलं औषध आहे. पण त्यातलं प्रोकेन हे बधिर करणारं औषध. शर्यतीत ते निषिद्ध आणि घोड्याच्या लघवीत ते कित्येक दिवस सापडतं. मग शर्यत जवळ आलेल्या घोड्याला, आजाराला काय योग्य हे बाजूला ठेवून, लवकर अंगाबाहेर जाणारं औषध निवडण्याचा मोह होतो. इथेही घोड्याला हवी होती ती त्या शर्यतीतून सुट्टीच. आणि जातिवंत शिंगरांच्या परदेशी फार्मवर काय घडलं? ऱ्होडोकॉकसच्या भीतीने सगळ्या शिंगरांची छाती सोनोग्राफीने तपासली जाऊ लागली आणि जरासा डाग दिसला की औषध चालू. पुढे अभ्यासांत दिसलं की लहान डागांची पुष्कळशी शिंगरं औषधाशिवायच बरी होतात. आणि ज्या फार्मवर सरसकट औषध चाललं तिथे त्याला न जुमानणारे जंतू वाढले. तिथे अडाणीपणा नव्हता, गरिबी नव्हती. वाट पाहण्याची तयारी नव्हती.

आधी निदान, मग औषध, या म्हणण्याला विरोध करणारे एक रास्त मुद्दा मांडतात. ते म्हणतात, तुम्ही पुण्या-मुंबईत बसून नमुना घ्या, प्रयोगशाळेत पाठवा म्हणता. अहवाल यायला दोन-तीन दिवस लागतात, सारंगखेड्याच्या यात्रेत उभ्या असलेल्या घोड्याचं तोवर काय करायचं? हे खरं आहे. जंतूची ओळख पटेपर्यंत अनुभवावरून औषध सुरू करावंच लागतं आणि कुणीही चांगला पशुवैद्य तसं करतो. पण नमुना औषधाच्या पहिल्या मात्रेआधी घेतलेला असला तर तिसऱ्या दिवशी औषध बदलता येतं, थांबवता येतं. नमुनाच घेतला नाही तर पहिलं चाललं नाही म्हणून दुसरं, दुसरं नाही म्हणून तिसरं, असं चाचपडणं उरतं, आणि प्रत्येक बदलागणिक त्या आतड्यांवर नवा घाव. राज्यात परळपासून उदगीरपर्यंत पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, औंधला रोगनिदानाची प्रयोगशाळा आहे. नमुना तिथवर थंड पेटीतून पोचवण्याची सोय यात्रेच्या आणि डोंगरावरच्या ठिकाणी असणं, हे अशक्य काम नव्हे.

वजन काढायला काटाही लागत नाही. मोजपट्टीने छातीचा घेर घ्यावा, खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंत लांबी घ्यावी, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ११,८८०. घेर १५५ आणि लांबी १४५ असेल तर वजन २९३ किलोच्या आसपास येतं. मोठ्या घोड्याला हा हिशेब चांगला लागू पडतो. हे प्रत्येक तबेल्यात भिंतीवर रंगवता येईल आणि मग तीन गोळ्यांचा अंदाज चालणार नाही. दहा लागतात हे कळलं की त्या खरंच द्यायच्या का, हा प्रश्नही मालकाच्या मनात आपोआप उभा राहील.

देशात घोडे आणि तट्टू मिळून २०१२ च्या पशुगणनेत सव्वासहा लाखांच्या आसपास होते; २०१९ मध्ये ते ३.४ लाखांवर आले. जे उरले आहेत त्यांतल्या पुष्कळांवर एकेका कुटुंबाचं पोट चालतं, आणि प्राण्यांच्या औषधांबद्दलचे आपले नियम मात्र मुख्यतः दूध, अंडी, मांस डोळ्यांपुढे ठेवून केलेले आहेत. २०१९ मध्ये कॉलिस्टिनवर जी बंदी आली ती खाद्यासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांपुरती होती. आपल्याकडे घोडा सहसा कुणी खात नाही, म्हणून तो या विचारात बसत नाही.

माझी मागणी दोन गोष्टींची आहे. पशुवैद्याच्या चिठ्ठीवर औषधाच्या मात्रेइतक्याच ठळकपणे कामबंदीचे दिवस लिहिले जावेत आणि ते पाळले जातील याची जबाबदारी एकट्या मालकावर टाकू नये. माथेरानची नगरपरिषद प्रत्येक पर्यटकाकडून प्रवेशकर घेते. ज्या पाठींवर बसून हे पर्यटक वर येतात त्यांच्यासाठी त्यातला थोडा भाग वेगळा काढून, चिठ्ठीवरच्या प्रत्येक कामबंद दिवसाची ठरावीक मजुरी घोडेवाल्याला देता येईल. पाचगणी-महाबळेश्वरलाही हे करता येईल. प्रयोगशाळेची सोय मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो, कारण उद्याच्या मजुरीची चिंता असलेला माणूस तिसऱ्या दिवसाच्या अहवालासाठी थांबू शकत नाही.